खाम नदी कोणत्या विभागाची?

जटवाड्याच्या डोंगरातून येणारी खाम नदी हर्सूलच्या तलावात थबकते, तलाव भरला की सांडव्यावरून छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, शिरते आणि शहर, छावणी ओलांडून अखेर गोदावरीच्या नाथसागराला मिळते. वाटेत तिच्यात काय काय मिसळते, हे शहरवासीयांना वेगळे सांगायला नको.

या नदीचे पाणी तपासायचे तर रसायनशास्त्र हवे. त्यात मासे उरलेत का, हे प्राणिशास्त्र सांगेल. काठावरच्या अतिक्रमणांचा निकाल कायदा लावील, ती तिथे का झाली ते समाजशास्त्र उलगडील, आणि त्यांना कुणी हात का लावत नाही, हे राज्यशास्त्रालाच विचारावे लागेल. हर्सूलपासून काही किलोमीटरवर, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगरपायथ्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथे यातले बहुतेक विषय शिकवले जातात. प्रत्येकाचा विभाग वेगळा, विभागप्रमुख वेगळा, अभ्यास मंडळ वेगळे. खाम नदीचा विभाग मात्र नाही.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याला ही अडचण नव्हती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हर्सूलच्या परिसरातून शहराकडे पाणी आणले, तीच नहर-ए-अंबरी. बेसाल्टच्या खडकात मुरलेले पाणी कुठे सापडेल, जमिनीखालच्या वाहिनीला किती उतार द्यायचा, पाण्याचा दाब मोडायला मनोरे कुठे उभारायचे, हे सगळे त्याच्या कारागिरांना ठाऊक होते. आजच्या यादीत बसवायचे तर त्या माणसांना भूगर्भशास्त्र, जलशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी अशा तीन पदव्या द्याव्या लागतील. त्यांच्याकडे एकही नव्हती. शिवाय आपल्या ज्ञानाची रीतसर नोंदही त्यांनी मागे ठेवली नाही, म्हणून आज नहरीची दुरुस्ती करायची म्हटले की आधी तिचा माग काढावा लागतो. विषय, पाठ्यपुस्तक, परीक्षा ही यंत्रणा कितीही रुक्ष वाटली, तरी ज्ञान माणसाबरोबर संपू नये याची सोय तिनेच केली.

ही यंत्रणा आज अनादी वाटते, पण तिचे वय फार नाही. अध्यापन आणि संशोधन एकाच ठिकाणी करणारे विद्यापीठ हा नमुना १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठामुळे रूढ झाला. १८५७ मध्ये सुरू झालेले मुंबई विद्यापीठ तर आरंभी मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था होती. तिथे समाजशास्त्राचा विभाग निघाला १९१९ मध्ये, आणि त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ! झाडाचा अभ्यास भोवतालासकट करावा लागतो, तसा शहराचाही करावा, असे त्यांचे म्हणणे. आजच्या छाननी समितीने त्यांचा अर्ज पहिल्याच फेरीत बाद केला असता. पुढे इरावती कर्वे कवट्यांच्या मोजमापापासून नातेसंबंधांच्या व्यवस्थेपर्यंत आणि तिथून महाभारतापर्यंत गेल्या. त्यांनाही कुणी विषयाचा पास मागितला नाही.

मराठवाड्याची वाट निराळी. १९१८ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि विज्ञान, कायदा, इतिहास या सगळ्यांची परिभाषा घडवण्याचे मोठे काम अंगावर घेतले. त्या चळवळीचा एक कणा औरंगाबादेत होता. मौलवी अब्दुल हक यांची अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ही संस्था कितीतरी वर्षे इथूनच चालली, आणि इथल्या उस्मानिया कॉलेजचे ते प्राचार्यही होते. मात्र घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला उच्च शिक्षण उर्दूत घ्यावे लागे, नाहीतर मुंबई-पुण्याचा रस्ता धरावा लागे. विद्याशाखा होत्या, पण गावाशी त्यांचे बोलणे नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून मुक्त झाला, त्यानंतर हे बदलले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा शहरातले घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय दोन वर्षांचे होते आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. त्यानंतर जे घडले ते महाराष्ट्रभर घडले, पण दुष्काळी मुलखात ते अधिक बोचते. शेती १९७२ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे गेली. वैद्यक १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. अलीकडे अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली, आणि २०१७ मध्ये शहरात विधी विद्यापीठही स्वतंत्र उभे राहिले. प्रत्येक फारकतीमागे कारण होते. एकेका क्षेत्राला निधी आणि लक्ष मिळावे, हा हेतूही वावगा नव्हता. परिणाम असा की ज्या प्रदेशाचे मुख्य दुखणे पीक, पाणी आणि त्यांच्याशी बांधलेले आरोग्य आहे, तिथल्या मूळ विद्यापीठाकडून तेच विषय निघून गेले.

पाण्याला घर मिळाले, ते विद्यापीठाबाहेर. १९८० मध्ये राज्य सरकारने शहराजवळ कांचनवाडीत जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘वाल्मी’, स्थापन केली. धरणे बांधून झाली, कालवे निघाले, पण कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेना. त्यात चूक फक्त काँक्रीटची नव्हती. पीक कोणते, पाळी कोणाची, भांडण कोण मिटवणार, हेही त्यात होते. म्हणून अभियंते, कृषितज्ज्ञ आणि समाजशास्त्राचे जाणकार तिथे एका छताखाली आणले गेले. हे एकत्र येणे विद्यापीठात का घडले नाही, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

विद्यापीठाने नवे काही घडवलेच नाही, असे मात्र नाही. सर्वांत ठळक उदाहरण दलित साहित्याचे, आणि त्याचा उगमही अभ्यास मंडळाच्या बैठकीत झाला नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे नागसेनवनातले मिलिंद. तिथे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे तरुणांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस नियतकालिक काढले, ते ‘अस्मितादर्श’ म्हणून महाराष्ट्रभर गेले. आधी लिहिणारे आले, मग नियतकालिक, मग मेळावे, मग वाद. आणि या सगळ्यांनंतर अभ्यासक्रम. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात संमत झाला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. जी विद्याशाखा आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवली जाते, तिची किंमत इथे अशी मोजली गेली.

दुसरे उदाहरण शांत आहे. माशाच्या परातला एखादा तुकडा घ्यायचा, त्यातल्या जनुकाचा ठरावीक छोटा भाग वाचायचा आणि संगणकातल्या नोंदींशी ताडून जात ओळखायची, ही डीएनए बारकोडिंगची पद्धत कॅनडातले शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. त्यांच्या नावाचे केंद्र या विद्यापीठात आहे. पद्धत प्राणिशास्त्राची, साधने रेणूजीवशास्त्राची आणि जुळवाजुळव संगणकाची.

भविष्याची चर्चा सध्या ‘आंतरविद्याशाखीय’ या एका शब्दाभोवती फिरते. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने पूर्वीच्या अनेक विद्याशाखा मोडून चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथीत काय आहे? शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण, वृत्तपत्रविद्या, ललित कला वगैरे. पहिल्या तीन खोल्यांत न मावलेले सामान माळ्यावर टाकावे, तशी ती वाटते. तिथले विषय कमी मोलाचे नाहीत, पण नदीचा अभ्यास जोडून करायचा तर जे विषय हवेत, ते तिथे शेजारी राहत नाहीत.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मेजर-मायनर आणले. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून पदवीच्या वर्गांत उतरले. इतिहासाचा विद्यार्थी आता भूगोलाचे किंवा सांख्यिकीचे क्रेडिट घेऊ शकतो. तालुक्याच्या महाविद्यालयात हे कसे होते? वेळापत्रकात जो तास जुळतो आणि ज्या प्राध्यापकाचा कार्यभार कमी पडतो, तोच विषय मायनर म्हणून पुढे येतो. तासिका तत्त्वावरचा शिक्षक तर उद्या असेल की नाही, यावर विषयही अवलंबून. निवड कागदावर विद्यार्थ्याची, प्रत्यक्षात स्टाफरूमची.

खरी मेख आणखी पुढे, नोकरीच्या जाहिरातीत आहे. अध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा ऐंशीहून अधिक विषयांत होते. त्यात पर्यावरणशास्त्र आहे, पर्यटन आहे, स्त्री अभ्यास आहे, पाणी नाही. समजा, एखादीने भूगोलात एम.ए. केले, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले, जुन्या नहरींची कागदपत्रे चाळली आणि खाम नदीवर पीएच.डी. मिळवली. ती अर्ज कुठल्या विभागात करणार? जाहिरातीत ‘संबंधित विषय’ असे छापलेले असते, आणि संबंध आहे की नाही हे तीन-चार माणसांची समिती ठरवते. म्हणून हुशार विद्यार्थी आधीच सावध होतो आणि प्रबंधाचा विषय विभागाच्या चौकटीत बसेल असा कापून घेतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये अध्यापक नेमणुकीच्या नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. पदवी वेगळ्या विषयातली असली, तरी नेट किंवा पीएच.डी.च्या विषयात उमेदवाराला अध्यापक होता यावे, अशी तरतूद त्यात सुचवली होती. मसुदा देशभर गाजला, तो कुलगुरूंची निवड कुणी करायची या वादामुळे. विषयाच्या अटीचे ते कलम बातम्यांत शोधावेच लागले.