दंतपृष्ठशुद्धी : प्रयोगशाळेतील तुलना कशी वाचावी?

सुश्रुताचार्यांनी पासष्ट मुखरोग वर्णिले आहेत. त्यांपैकी दंतशर्करेच्या चिकित्सेत ती दंतमूलाला इजा न होऊ देता काढावी व नंतर मधयुक्त लाक्षाचूर्णाने प्रतिसारण करावे, असा स्पष्ट उपदेश आहे. मल निघावा, पण आधार दुखावू नये, हेच त्यामागील तत्त्व. आधुनिक दंतवैद्यकातील शुद्धीच्या पद्धतींची तुलनाही याच दोन निकषांवर केली जाते. अलीकडे वनस्पतिज द्रव्यांच्या प्रसिद्धिपत्रकांत ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे शब्द वारंवार येतात. त्यांचा नेमका अर्थ आपण समजून घेणे आवश्यक आहे.

दात कोरला किंवा रूट कॅनॉलमध्ये फाइल फिरवली, की पृष्ठभागावर भुग्याचा सुमारे एक ते दोन मायक्रॉन जाडीचा थर बसतो. यास ‘स्मिअर लेयर’ म्हणतात. त्यात दातातील खनिज कण, सेंद्रिय अवशेष व कधी जीवाणूही असतात. डेंटीनमधील सूक्ष्म नलिकांची तोंडे त्यामुळे बुजतात आणि औषधी द्रव आत पोहोचण्यास अडथळा होतो.

हा थर मिश्र असल्याने एकच द्रव्य पुरे पडत नाही. सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय भाग विरघळवते व जीवाणूंचा नाश करते, पण खनिज भागावर त्याचा प्रभाव नगण्य असतो. खनिज भागासाठी ईडीटीए हे द्रव्य प्रायः १७ टक्के तीव्रतेत वापरतात. त्याचा संपर्क प्रमाणाबाहेर लांबल्यास नलिकांभोवतीचे डेंटीनच झिजू लागते. शोधनाचाही अतियोग असतो, हे वैद्यांना निराळे सांगणे नलगे.

तुलनेची रीत अशी : काढलेले एकमुळी दात सारख्या पद्धतीने कोरून त्यांचे गट पाडतात. प्रत्येक गट वेगळ्या द्रवाने धुतात आणि एक गट केवळ सलाइनने. नंतर दात उभे चिरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांची किती तोंडे उघडली, याला गुण देतात. गुण देणाऱ्यास गट ठाऊक नसणे इष्ट. मुळाचे वरचे, मधले व टोकाकडचे असे तीन भाग स्वतंत्रपणे तपासतात. टोकाकडचा अरुंद भाग बहुधा सर्वांत कमी स्वच्छ होतो. म्हणून केवळ वरच्या भागाचे छायाचित्र दाखवणाऱ्या पत्रकावर विसंबू नये.

जीवाणुनाशाची परीक्षा याहून निराळी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दातावर वाढवलेल्या ‘एंटरोकॉकस फीकॅलिस’ या जीवाणूच्या थरावर त्रिफळा, ग्रीन टीमधील पॉलिफिनॉल, एमटीएडी व ५ टक्के हायपोक्लोराइट यांची तुलना झाली. त्रिफळेने लक्षणीय परिणाम दाखवला. मात्र सर्वाधिक परिणाम हायपोक्लोराइटचाच होता. शिवाय त्रिफळेसाठी द्रावक म्हणून डीएमएसओ वापरले होते. आपण रुग्णास देतो तो क्वाथ तेथे तपासला गेला नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

त्रिफळेचा हा गुण अभिमानास्पद आहे. पण जीवाणुनाश म्हणजे स्मिअर लेयरचे निर्हरण नव्हे, आणि काढलेला दात म्हणजे रुग्ण नव्हे. जिवंत दाताभोवती रक्त, लाळ व मुळाच्या टोकापलीकडील ऊती असतात. हायपोक्लोराइट त्या टोकापलीकडे गेल्यास तीव्र वेदना व शोथ उद्भवतो. त्यामुळे सौम्य पर्यायाचा शोध रास्तच आहे. परंतु तो पर्याय रुग्णांवरील चाचण्यांतही उतरला पाहिजे.

फार्मसीचालकांनी अशा अभ्यासाचा आधार घेताना चार गोष्टी पाहाव्यात : तपासलेला कल्प आपलाच आहे काय, त्याची तीव्रता किती होती, संपर्ककाल किती होता आणि तुलना कशाशी केली होती. यांपैकी एकाचेही उत्तर जुळत नसेल, तर तो निष्कर्ष आपल्या वेष्टनावर छापू नये. वैद्यबंधूंनी त्रिफळा क्वाथाचा गंडूष मुखशुद्धीसाठी अवश्य योजावा. मात्र कीड दाताच्या मज्जेपर्यंत पोहोचून रात्री ठणका लागत असेल, तर रुग्णास विनाविलंब दंतचिकित्सकाकडे पाठवावे. गुळण्यांनी ठणका घटकाभर शमेलही, पण मुळातील पूय तेथेच राहतो आणि वाया गेलेल्या दिवसांची किंमत रुग्णास दात गमावून द्यावी लागते.