आधी बोअर, मग रंग

अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या घरांत, वाड्याच्या ढेलजेत नाहीतर शेतावरच्या कोठ्यात, पोत्यांखाली झाकलेली एखादी जावा, येझदी किंवा राजदूत अजूनही सापडते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि १९८५ नंतर कमी पेट्रोलवर पळणाऱ्या हिरो होंडासारख्या गाड्या आल्या तशी कडेला लागलेली. ती पुन्हा उभी करायची हौस आता नातवंडांना येते. हौस चांगलीच आहे, पण कामाचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा लागतो. आधी टाकी रंगाऱ्याकडे जाते, मग क्रोम, मग सीटचं कव्हर, आणि इंजिनाची पाळी येते तेव्हा पैसा आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात. बैठकीच्या खोलीत उभी राहणारी लखलखीत गाडी तयार होते, पण ती गावाबाहेरच्या पहिल्या पुलापर्यंतही जात नाही. घरची फटफटी उभी करणं हे मुळात मोजमापाचं काम आहे, ते ती चालावी म्हणूनच करावं, आणि हे मोजमाप करणारे हात वऱ्हाडात आजही आहेत, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला जावाच घेऊ, कारण तिच्या रचनेतच या म्हणण्याचा पुरावा आहे. चेकोस्लोव्हाकियात १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक यांनी वांडरर कंपनीचा मोटारसायकलींचा कारभार विकत घेतला आणि दोन नावांची आद्याक्षरं जोडून जावा हे नाव केलं. भारतात रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव येझदी झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. तिच्या अडीचशे सीसीच्या इंजिनात एकच सिलिंडर, ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. पण धूर बाहेर जायला दोन वाटा, म्हणून दोन सायलेन्सर. गिअरचा दांडा आत दाबून वर उचलला की तोच किक होतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइल पंप नाही. हलणारे भाग मोजकेच, म्हणून ही गाडी सोपी समजली जाते. पण भाग जितके कमी, तितकं प्रत्येकाचं माप चोख लागतं. नेमकं हेच रंगरंगोटीच्या नादात विसरलं जातं.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरात जाण्याआधी खाली क्रँककेसमध्ये दाबलं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. ती हवाबंद ठेवतात क्रँकशाफ्टच्या दोन टोकांवरची रबराची दोन सील. गाडी वीस-पंचवीस वर्षं उभी राहिली की या सीलचा ओठ कडक होतो, चिरतो, शाफ्टला घट्ट बसत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर तिथलं ऑइल आत ओढलं जातं. गाडी पांढरा धूर ओकते, प्लग ओला होतो, आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर प्रकरण जास्त धोक्याचं. तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन हाताबाहेर तापतं. अशी गाडी ओळखू येते: किकला नीट सुरू होते, पण गरम झाली की रेस सोडली तरी आवाज खाली उतरत नाही. जेट बदला, पॉइंट घासा, प्लग बदला, काही फरक पडत नाही. थोड्याच दिवसांत पिस्टन सिलिंडरला चिकटतो. ही सील म्हणजे मूठभर रुपयांचं रबर. पण ती बदलायला इंजिन फ्रेममधून खाली घ्यावं लागतं. म्हणून जो आधी रंग देऊन घेतो, त्याला पुढे नव्या रंगावर पाने घसरवत तेच इंजिन पुन्हा उतरवावं लागतं. क्रमाचा आग्रह धरायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

दुसरं कारण आपल्या हवेतलं आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. जावाचा सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून दोघांमध्ये केसाच्या जाडीएवढी फट मोजून ठेवावी लागते. फट जास्त झाली की पिस्टन आत खडखडतो आणि दाब मिळत नाही. कमी झाली की उन्हाळ्यातल्या पहिल्याच लांब रपेटीत इंजिन जाम. त्यात या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, लिटरमागे ४० ते ५० मिलिलिटर ऑइल मिसळून. याचा अर्थ परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याने लक्षात ठेवावा. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला चढताना रेस मोकळी असते, पेट्रोलबरोबर ऑइलही भरपूर जातं. संकट उतरताना येतं. रेस बंद, गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिनाला जोरात फिरवताहेत, आणि पेट्रोल जवळपास बंद असल्यामुळे ऑइलही बंद. जुने चालवणारे उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देत, ती काही लकब नव्हती. पिस्टनला ऑइल पाजण्याची ती रीत होती. अमरावती-अकोला महामार्गावरही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. एवढा सपाट रस्ता मिळाला की हात आपोआप वाढतो, आणि तासभर पूर्ण रेस हे या एअर-कूल्ड इंजिनाचं कामच नाही. ज्याच्या गाडीचा बोअर कुणाच्या तरी अंदाजाने केलेला आहे, त्याची खरी परीक्षा इथे होते.

मग हा बोअर नीट करणार कोण? जुन्या गाड्यांची कामं पुण्या-मुंबईलाच नीट होतात, असं इकडे सहज बोललं जातं, आणि ते मला मान्य नाही. वऱ्हाडाला यंत्रदुरुस्तीची परंपरा कापसाने दिली. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरकडे निघाला. त्याच दशकात इकडे रेल्वे आली. मागोमाग खामगाव, अकोला, अमरावतीला जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जिनचा रोळ घासला, शाफ्ट वाकला, बुश ढिलं झालं तर ऐन हंगामात विलायतेहून भाग येईपर्यंत कारखाना बंद ठेवून चालत नसे. भाग इथेच घडवावा लागे. पुढे सरकीच्या तेलगिरण्या आल्या, अकोल्याच्या डाळमिल आल्या, विहिरींवर डिझेल इंजिनं आली, मग ट्रॅक्टर. या प्रत्येकाने लेथवाल्याला काम दिलं आणि आयटीआयमधून निघालेल्या टर्नर-फिटरला पोट भरायचं साधन दिलं. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला पूर्वी जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलं आणि १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं एखादं यंत्र चालतं ते मूळच्या भागांच्या जिवावर चालत नाही. जागच्या जागी नवा भाग करून बसवणाऱ्या माणसांच्या जिवावर चालतं. डिझेल इंजिनाचा सिलिंडर बोअर करणाऱ्या यंत्रावर जावाचा सिलिंडरही होतो. ट्रॅक्टरची बुशं ओढणाऱ्या लेथवर राजदूतच्या स्विंग आर्मची बुशं निघतात. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली १७३ सीसीची ती राजदूत वऱ्हाडच्या पांदणीत इतकी वर्षं टिकली, त्यात कारखान्याइतकाच या लेथवाल्यांचाही वाटा आहे.

घरच्या वर्कशॉपचं काम कोणतं आणि बाहेरच्या मिस्त्रीचं कोणतं, हे यातून स्पष्ट होतं. बोअर आणि होनिंग, क्रँक प्रेसवर खोलून नवा कनेक्टिंग रॉड बसवणं आणि डायल गेज लावून क्रँक सरळ आहे का ते तपासणं, वेल्डिंग, प्लेटिंग ही कामं घरी करू नयेत. हौसेने केलेला क्रँक महिन्याभरात बेअरिंग खातो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: पिस्टन आधी विकत घ्यायचा, तो हातात घेऊन लेथवाल्याकडे जायचं आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यायचा. डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून केलेला बोअर बऱ्याचदा फसतो. घरी करायची कामं निराळी आणि तितकीच मोलाची आहेत, कारण त्यांना वेळ लागतो आणि वेळ दुकानात विकत मिळत नाही. प्रत्येक नट-बोल्ट सोडवताना तो कुठला हे चिठ्ठी लावून डबीत ठेवणं. वायरिंगचा जुना गुंता कापून टाकण्याआधी कागदावर उतरवणं. सायलेन्सरच्या आतली नळी काढून तिच्यावरचा काजळीचा थर खरवडणं. हा थर इतका जाड बसतो की चांगलं इंजिनही गुदमरतं. टाकीतला गंज काढायला आत मूठभर नट टाकून ती हलवत बसणं, मग आम्ल, मग सोड्याच्या पाण्याने धुणं, मग कडक उन्हात वाळवणं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला व बुचाला खातं. म्हणून कॉकमधलं बूच, पाइप आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगं नवीन हवीत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत ती चालवावी.

यावर पहिला आक्षेप शौकीन संग्राहकांचा. लेथवर घडवलेली बुशं, दुसऱ्याच कंपनीचं बेअरिंग, बदललेला पिस्टन, मग गाडी अस्सल राहिली कुठे? आक्षेप पोकळ नाही. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली, तिच्यातही हीच दृष्टी आहे: गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठी फेरफार झालेली नको. अशा गाडीला व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो, पहिल्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. संग्रहालयात ठेवण्याजोग्या दुर्मीळ गाडीला हा नियम योग्यच. घरच्या गाडीला तो मानवत नाही. तिचा जुना नंबर, जुनं आरसी बुक आणि त्यावरचं आजोबांचं नाव हाच तिचा अस्सलपणा. वारसाने नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी, साधी पुनर्नोंदणी करावी, पर्यावरण कर भरावा आणि ती वापरावी. चासी आणि इंजिनावरचे क्रमांक मात्र जिवापाड सांभाळावेत. रंगाऱ्याने ग्राइंडर फिरवून ते पुसले तर आरटीओच्या दारात गाडी अनोळखी ठरते. राहता राहिला पिस्टन. तो झिजावा आणि बदलावा म्हणूनच कारखान्याने वाढीव मापाचे पिस्टन बाजारात ठेवले होते. कारखान्यानेच गृहीत धरलेल्या दुरुस्तीला बाट कसा म्हणायचा?

दुसरा आक्षेप धुराचा, आणि तो अधिक खरा. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निसटतो. ही रचनेचीच उणीव आहे, कितीही नेमका बोअर केला तरी ती जात नाही. म्हणून अशा गाडीने रोज ऑफिसला जावं असं मी म्हणणार नाही. महिन्यातून थोडे किलोमीटर, सणावाराला गावी, एखादी घाटाची फेरी, एवढंच तिचं काम. मग ती सुरक्षित तरी आहे का? ड्रम ब्रेकला नवं लायनर, नव्या केबल आणि नवे टायर यांवर रंगाआधी खर्च केला तर दिवसाउजेडी बेताच्या वेगाला ती पुरेशी आहे. सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्यावर रात्री महामार्गावर जाऊ नये. ज्यांना फक्त ते रूप हवं आहे त्यांच्यासाठी २०१८ पासून नवी जावा बाजारात आहे, लिक्विड-कूल्ड, फोर-स्ट्रोक, आणि ती कितीतरी स्वच्छ चालते. तिने जुनीची गरज संपत नाही, कारण घरची गाडी उभी करणाऱ्याला मोटारसायकल विकत घ्यायची नसते. असलेली चालती करायची असते.

इंजिन बांधून झाल्यावरचे पहिले पाचशे किलोमीटर उन्हाळ्यात काढू नयेत. दिवाळीनंतरची थंड सकाळ धरावी, सुरुवातीला ऑइल थोडं जास्त घालावं, अर्ध्याहून जास्त रेस देऊ नये, दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबून इंजिन निवू द्यावं आणि प्लग काढून पाहावा. टोक बदामी असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढरं पडलं असेल तर तिथूनच हळूहळू परत फिरावं आणि पुन्हा सील आणि जेट तपासावं. हे पार पडलं की मग टाकीचा मरून रंग आणि तिच्यावरची सोनेरी रेघ. आणि आरसी बुकाबरोबर एक वही ठेवावी. तिच्यात सिलिंडर कोणत्या मापाला बोअर केला, फट किती ठेवली, सील आणि बेअरिंग कोणत्या नंबरचं बसवलं, लेथवाला कोण, हे तारीख घालून लिहावं. ६५ मिलिमीटरचा बोअर साधारण पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातो आणि बिडाच्या भिंतीची जाडी ठरावीकच असते. पुढच्या वेळी इंजिन खोलणाऱ्या घरच्या माणसाला आणखी किती वेळा बोअर करता येईल, हे त्या वहीतूनच कळेल.