ठोकून कडक केलेला धातू पुढे मऊ का पडतो?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला 1985 पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. भोवती सुटे भाग बनवणारे प्रेस शॉप आणि फोर्जिंगवाले. तिथे रोज दिसणारी गोष्ट म्हणजे गार असताना दाबला, ओढला, ठोकला की धातू कडक होतो. तांब्याची मऊ तार चार-पाचदा वाकवा, हाताला ताठ लागेल. गॅसवर लाल करून गार करा, पुन्हा मऊ.

धातू सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. कण जितके बारीक, तितकी ताकद जास्त, हे ई. ओ. हॉल (1951) आणि एन. जे. पेच (1953) यांनी पोलादावर दाखवले. प्रचंड दाबाखाली पिळून कण एका मायक्रॉनहून लहान करता येतात. पण या माऱ्यात धातूत ऊर्जा साठून राहते. उष्णता मिळाली की या ऊर्जेच्या जोरावर कणांच्या सीमा सरकतात, नवे मोठे कण वाढतात आणि ताकद उतरते. अतिशुद्ध तांब्या-चांदीत हे साध्या तापमानालाही, काही महिन्यांत घडू शकते.

यावर उपाय मिश्रधातूचा. त्यातले अतिसूक्ष्म कठीण कण सरकणाऱ्या सीमा अडवून धरतात. तरीही अशा बारीक कणांच्या धातूची आजची ताकद मोजून भागत नाही. इंजिनाच्या उष्णतेत, वर्षानुवर्षांच्या वापरानंतर ती किती उरेल, हे तपासलेच पाहिजे. गाडीवर बसणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.