यवतमाळच्या उन्हात कॉम्प्युटरचं कॅबिनेट गार कसं ठेवाल?
मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पंखा असो की लिक्विड कूलर, उष्णता शेवटी खोलीतल्याच हवेत सोडली जाते. प्रोसेसर खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. म्हणून रोजच्या वापराला चांगला एअर कूलरच (पंख्याचा) भरवशाचा. बिघडला तर बहुधा फक्त पंखा बदलायचा; लिक्विड कूलरचा पंप गेला की सहसा अख्खा संच जातो. तासन्‌तास व्हिडिओ रेंडरिंग करणाऱ्यांनी मात्र २४० किंवा ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर घ्यावा आणि रेडिएटर वरच्या बाजूला बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत. शिवाय जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू उडतात. म्हणून समोर जाळी लावा, हवा आत घेणारे पंखे जास्त ठेवा. डेझर्ट कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नका.