खर्जाची पाचवी तार

गणपतीच्या दिवसांत वाद्यवृंदाचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. गायक माइक हातात घेतो आणि मागे वळून पट्टी सांगतो, "काळी दोन." कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं बटण दाबून मोकळा होतो. बेस गिटारवाल्याला मात्र अशी सोय नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की पांढरी तीन मिळते, आणि काळी दोनचा षड्ज तिच्याखाली बरोबर अर्ध्या स्वरावर. म्हणजे गाणं जिथे विसावायचं तो खर्जातला सा त्याच्या वाद्यात नाहीच. तो वरच्या सप्तकातला सा वाजवतो. सूर चुकत नाही, पण गाण्याखालची जमीन त्या क्षणी वर सरकते आणि ऐकणाऱ्याला काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं.

ही अडचण आपल्याकडे अपवादाने येत नाही. पुरुष गायकांची पट्टी बहुधा पांढरी एक ते काळी दोन या टापूत असते. चार तारांचा बेस जिथे संपतो, त्याच्या लगेच खालचा हा टापू. पाचवी जाड तार पांढरी सातला लावली की पांढरी सात, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन असे पाच स्वर खाली मिळतात. म्हणून पाच तारांचा बेस म्हणजे केवळ जॅझ किंवा मेटल वाजवणाऱ्यांची हौस, हे मला पटत नाही. मराठी-हिंदी गाण्यांची साथ करणाऱ्याला त्याची गरज इतर अनेकांपेक्षा जास्त आहे. अट एकच. ही तार वाढवली की वाद्याची लांबी, ताण, लाकूड, वादकाचा हात आणि स्पीकर या सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो न मांडता घेतलेला पाच तारांचा बेस पुष्कळदा चांगल्या चार तारांच्या बेसपेक्षा वाईट वाजतो.

मुळात चारच तारा का, याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी सापडतं. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी फ्रेट असलेला, आडवा धरून वाजवायचा विजेचा बेस केला होता, पण तो फारसा पसरला नाही. फेंडर यांच्यासमोर नमुना होता उभ्या डबल बेसचा. त्याच्या चार तारा आणि त्यांची जुळवणी त्यांनी तशीच घेतली. लांबी मात्र आडव्या वाद्याला झेपेल अशी ठेवली. नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच. हे माप आजही प्रमाण मानलं जातं.

खालचे स्वर हवेत ही ओढ डबल बेसवाल्यांना आधीपासून होती. सिंफनी ऑर्केस्ट्रांमध्ये पाच तारांचे डबल बेस असत, किंवा चौथी तार लांबवून तिला पांढरी एकपर्यंत नेणारी जोडणी असे. विजेच्या बेसला हे शहाणपण यायला वेळ लागला. १९६५ साली फेंडर कंपनीने 'बेस फाइव्ह' काढला तो उलट्या दिशेने. त्यात पाचवी तार बारीक, वरच्या स्वराची होती, आणि फ्रेट फक्त १५. ज्यांना खाली जायचं होतं त्यांच्या ते उपयोगाचं नव्हतं. १९७०पर्यंत तो बंदही झाला.

खरी सुरुवात कारखान्यांनी केली नाही, वादकांनी केली. न्यूयॉर्कचे अँथनी जॅक्सन यांनी कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून १९७५ साली सहा तारांचं वाद्य करून घेतलं. एक तार खाली, एक वर. पुढच्याच वर्षी जिमी जॉन्सन यांनी अलेम्बिक कंपनीच्या पाच तारांच्या बेसवर खालच्या पांढऱ्या सातची तार चढवली. त्यांचे वडील मिनेसोटा ऑर्केस्ट्रात डबल बेस वाजवत, त्यामुळे पाचव्या तारेची कल्पना त्यांना परकी नव्हती. अडचण अशी होती की इतकी जाड तार दुकानात मिळतच नसे, ती मुद्दाम करवून घ्यावी लागली. १९८०च्या दशकात सिंथेसायझरचा बेस पॉप गाण्यांत शिरला आणि पांढरी तीनच्या खाली सहज उतरू लागला. तेव्हा स्टुडिओतल्या बेसवाल्यांपुढे पर्यायच उरला नाही. १९८७ साली म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे फाइव्ह आला आणि पाच तारा सर्वसामान्य वादकाच्या आवाक्यात आल्या.

आता त्या तारेकडेच नीट पाहू, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. पांढरी तीनच्या तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१, पांढरी सातच्या तारेची सुमारे ३१. तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तिचं दर इंचाचं वजन, लांबीचा वर्ग आणि कंपनसंख्येचा वर्ग. लांबी तीच ठेवून कंपनं ४१वरून ३१वर आणली आणि ताण तितकाच हवा असला, तर तारेचं वजन पावणेदोन पटीहून थोडं अधिक करावं लागतं. म्हणजे जाडी साधारण एकतृतीयांशाने वाढते. चौथी तार १०५ची असेल (म्हणजे एक इंचाचे १०५ सहस्रांश), तर पाचवी १४०ची हवी. बाजारातल्या नेहमीच्या संचात ती १३०ची असते. हिशेब केला तर तिचा ताण शेजारणीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरतो. बोटाखाली पाचवी तार लिबलिबीत लागते, जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते आणि क्षणभर सूर चढून मग खाली येतो, त्यामागे हा फरक आहे.

मग तार आणखी जाड का करू नये? कारण जाड तार लवचीक राहत नाही, सळईसारखी वागू लागते. तिच्यातले वरचे स्वयंभू स्वर मूळ सुराच्या नेमक्या पटीत न राहता किंचित चढे निघतात. आणि इतक्या खालच्या स्वरात कान सूर ओळखतो तो मुख्यतः या स्वयंभू स्वरांवरूनच. ते विस्कटले की आवाज मोठा येतो, पण स्वर कोणता ते कळत नाही. म्हणून काही कंपन्या ब्रिजवर टेकणाऱ्या टोकाशी तारेवरचं वेष्टन कमी करून तिला निमुळती करतात. सूर स्पष्ट होतो, शिवाय ब्रिजवरचं सुराचं माप जुळवणंही सोपं जातं.

दुसरा उपाय लांबीचा. ३४ ऐवजी ३५ इंच केले की त्याच तारेचा ताण सहा टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेतल्या लेकलँडचे पाच तारांचे बेस या मापाचे आहेत. ३७ इंच केले तर ताण १८ टक्क्यांनी वाढतो, पण मग बारीक तारा नको इतक्या ताठ होतात. राल्फ नोवाक यांनी यावर तोड काढली. प्रत्येक तारेला वेगळी लांबी द्यायची आणि फ्रेट पंख्याच्या काड्यांसारखे तिरपे बसवायचे. कॅनडातल्या सॅस्काटून शहरातले शेल्डन डिंगवॉल यांनी ही पद्धत बेसवर आणली. त्यांच्या अनेक वाद्यांत पाचवी तार ३७ इंचांची आणि पहिली ३४ची असते. पाहताना हात गोंधळेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो लवकर रुळतो. माझ्या मते पाचव्या तारेचा आजवरचा सर्वांत प्रामाणिक उपाय हाच आहे.

लांबीइतकंच नेकच्या ताठपणाला महत्त्व आहे. नेक तारेबरोबर थरथरली तर तारेची ऊर्जा ती खाऊन टाकते. चार तारांच्या पुष्कळ बेसवर पहिल्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर लवकर विझतो, तो याच कारणाने. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जेफ गूल्ड यांनी कार्बन तंतूंची नेक केली ती हा दोष घालवण्यासाठी. आज लाकडी नेकमध्येही ग्रॅफाइटच्या पट्ट्या बसवलेल्या मिळतात. पाच तारांचा बेस घेताना शरीराचं लाकूड कोणतं, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी नेक कशी घडवली आहे हे आधी विचारेन.

नेकच्या पाटीवर मात्र आपल्या मातीचं लाकूड असण्याची शक्यता बरीच आहे. फेंडरने १९५९पासून प्रिसिजन बेसला रोजवूडची पाटी द्यायला सुरुवात केली. ब्राझीलचं रोजवूड दुर्मीळ होत गेलं, १९९२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि जगभरच्या कारखान्यांची भिस्त भारतीय रोजवूडवर पडली. हे लाकूड म्हणजे सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढणारा आपला शिसव. २ जानेवारी २०१७ला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने शिसवासकट त्या प्रजातीतल्या सगळ्या जाती नियंत्रणाखाली आणल्या. तेव्हा फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या वाद्यांवर पाव फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड वापरायला घेतलं. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी पर्यायी लाकडं टिकली. आवाजात फार फरक पडतो असं मला वाटत नाही. हाताला लागणारा गुळगुळीतपणा मात्र वेगळा असतो.

हाताचा विचार दुकानात सर्वांत कमी होतो. फेंडरच्याच 'जॅझ बेस' या चार तारांच्या वाद्याची नटपाशी रुंदी ३८ मिलिमीटर असते, पाच तारांच्या बेसची ४५च्या आसपास. ब्रिजपाशी दोन तारांमधलं अंतर चार तारांच्या बेसवर साधारण १९ मिलिमीटर, स्टिंगरे फाइव्हवर १७.५, काही सडपातळ जपानी वाद्यांवर त्याहूनही कमी. अंगठ्याने स्लॅप करणाऱ्याला रुंद अंतर हवं असतं. लहान पंजाच्या वादकाला जवळच्या तारा सोयीच्या पडतात. बसून वाजवून निवड करू नये. पट्टा खांद्याला लावून उभं राहावं. नेक जमिनीकडे झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात सूर धरण्याऐवजी वाद्यच सावरत बसेल.

सगळ्यांनीच पाचवर जावं असं मात्र नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन यांनी १९६२च्या प्रिसिजनवर, जाड सपाट वेष्टनाच्या तारा न बदलता, उजव्या हाताच्या एका तर्जनीने जे वाजवलं त्यात पाचव्या तारेची उणीव कुणाला भासलेली नाही. जाको पास्टोरियस यांनी जॅझ बेसचे फ्रेट काढून खाचा बुजवल्या आणि पाटीवर बोटींना लावतात तो इपॉक्सी लेप दिला. वाद्य आपल्या सुरासाठी बदलून घेण्याचं याहून धीट उदाहरण सापडणार नाही, आणि तारा चारच होत्या. मुंबईत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार गाण्याला गती देत असे. त्याच शहरात १९९६ साली जन्मलेली मोहिनी डे हिने बेसिस्ट वडिलांकडून धडे घेतले आणि आज ती जगभर पाच-सहा तारांवर कर्नाटकी लयीचे बोल वाजवते. तारांची संख्या कोणतं संगीत वाजवायचं यावर ठरते.

हातात चार तारांचा चांगला बेस असेल तर तो विकण्याआधी दोन वाटा तपासाव्यात. पहिली, चौथ्या तारेच्या खुंटीला बसणारी कळ. हिपशॉट कंपनीची ही कळ ओढली की तार पांढरी तीनवरून पांढरी दोनवर उतरते. काळी दोन आणि पांढरी दोन या पट्ट्यांचं काम तेवढ्यात भागतं. दुसरी वाट, सर्वांत बारीक तार काढून उरलेल्या तीन तारा एकेक घर खाली सरकवायच्या. वर मोकळ्या झालेल्या घरात पांढरी सातची जाड तार. त्यासाठी नटची खाच कानशीने रुंद करावी लागते, खुंटीच्या भोकात १३०ची तार शिरते का पाहावं लागतं, आणि नेकवरचा ताण बदलल्यामुळे तिचा बाक धरणारा ट्रस रॉड पुन्हा जुळवावा लागतो. चार तारांच्या शरीराला पाच तारांची नेक जोडण्याच्या फंदात पडू नये. नेकची रुंदी आणि शरीरातली खाच जुळत नाही.

नव्या पाच तारांच्या बेसवर पहिला खर्च सेटअपचा करावा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडी केसभर घासून वाद्याचा आवाज उघडतो. सेटअपचं मोल तितकंच आहे. नेकचा बाक, तारांची उंची, नटच्या खाचेची खोली, प्रत्येक तारेचं ब्रिजवरचं माप. पाचव्या तारेची खाच अरुंद असेल तर ती वर बसून राहते आणि पहिल्या फ्रेटवर सूर चढतो. पिकअपला दोष दिला जातो, दोष खाचेचा असतो. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात नेक ओल पिते, बाक बदलतो, आणि खाऱ्या हवेने तारा गंजतात. तिथे जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ट्रस रॉड पाहून घ्यावा आणि लेप दिलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारा वापराव्यात.

पिकअप आणि प्रीअ‍ॅम्प त्यानंतर. नाट्यगृहातल्या प्रकाशाच्या डिमरमुळे सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतात. जॅझ बेसवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की ही गुणगुण बहुतांशी विरते. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थिंगला जोडली तर आणखी फरक पडतो, आणि हे काम स्वस्त आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्प असेल तर कार्यक्रम संपताच केबल काढावी, नाहीतर बॅटरी रात्रभर झिजते.

दुकानात परीक्षा साधी आहे. पाचवी तार पाचव्या फ्रेटवर दाबा, मग चौथी मोकळी वाजवा. दोन्ही पांढरी तीन. आवाज एकाच वाद्याचा वाटला पाहिजे. मग पाचव्या तारेवर काळी दोन, पांढरी दोन, काळी एक असं हळूहळू उतरत जा आणि प्रत्येक स्वर मनात गाऊन पाहा. गाता आला तर तार चांगली. ही परीक्षा ज्या अ‍ॅम्पवर तुम्ही कार्यक्रमात वाजवता तशाच अ‍ॅम्पवर घ्या. लहान स्पीकर ३१ कंपनं देऊच शकत नाही. तो ६२ आणि ९३ची देतो, आणि कान त्यावरून खालचा सूर ओळखून घेतो. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर न टेकवता पाचव्या तारेवर ठेवायचा आणि बोटं वर सरकली की तोही तारांवरून सरकवायचा. बाकीच्या तारा वाजत असताना ती जाड तार आपोआप घुमू लागते. तिला गप्प ठेवता आलं की मग ती वाजवायला घ्यावी.