चाकांचे नट आणि बॅटरीवर चालणारा आघाती पाना : निवड व वापर

ट्रॅक्टर व ट्रॉली बाळगणाऱ्या शेतकऱ्यास वर्षातून अनेक वेळा चाके काढण्याचा प्रसंग येतो. भातपट्ट्यात चिखलणीसाठी लोखंडी पिंजऱ्याची चाके बसवावी लागतात. आंतरमशागतीच्या वेळी पिकाच्या ओळींप्रमाणे ट्रॅक्टरच्या मागील चाकांमधील अंतर कमीजास्त करावे लागते. ऊस वाहतुकीच्या हंगामात तर भरलेल्या ट्रॉलीचा टायर वाटेत केव्हा फुटेल याचा नेम नसतो. अशा वेळी गंजून घट्ट बसलेले नट सोडविण्यासाठी लांब दांड्याचा पाना, त्यावर चढविलेला लोखंडी पाइप आणि दोन धट्टीकट्टी माणसे एवढी सामग्री आजवर लागत असे.

अलीकडे या कामासाठी बॅटरीवर चालणारा आघाती पाना बाजारात सर्वत्र मिळू लागला आहे. त्यास इम्पॅक्ट रेंच असे नाव असून टायरवाले त्यास नुसते ‘गन’ म्हणतात. वीज अथवा हवेचा कॉम्प्रेसर जवळ नसतानाही शेतात किंवा रस्त्यावर एकटा मनुष्य त्याच्या साहाय्याने चाक काढू शकतो. तथापि, या यंत्राच्या बाबतीत दोन चुका वरचेवर होताना आढळतात. पहिली चूक अशी की, आपल्या नटास किती जोर लागतो हे न पाहता डब्यावरील मोठ्या आकड्यास भुलून यंत्र घेतले जाते. दुसरी चूक अशी की, नट सोडविणाऱ्या यंत्रानेच तो शेवटपर्यंत घट्टही केला जातो. पहिल्या चुकीने पैसे जातात. दुसऱ्या चुकीने चाक निखळते आणि प्रसंगी मनुष्य प्राणास मुकतो. सबब हे यंत्र नट सोडविण्यासाठी निवडावे, आणि नटाची अखेरची घट्टाई मात्र हातानेच, मोजून करावी, हे तत्त्व प्रथमच ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

नट चाकास कसा धरून ठेवतो

चाकाचा सर्व भार स्टडवर टेकलेला असतो अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः नट आवळला म्हणजे स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो चाकाची डिस्क हबवर घट्ट दाबून धरतो. डिस्क व हब यांच्यातील या दाबामुळे व घर्षणामुळे चाक जागेवर राहते.

नट कमी आवळला तर दाब अपुरा पडतो. डिस्क हबवर सूक्ष्म सरकू लागते, डिस्कची छिद्रे लांबट होतात, नट आणखी सैल होत जातो, आणि शेवटी एकामागून एक स्टड तुटतात. उलटपक्षी, नट प्रमाणाबाहेर आवळला तर स्टड आपल्या लवचीकपणाच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो व पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. त्याचे आटे खराब होतात आणि पुढे भरल्या ओझ्याखाली तो दगा देतो. म्हणजे कमी आवळणे व जास्त आवळणे या दोहोंचा शेवट एकच आहे.

पिळाचा जोर व त्याचे मोजमाप

नट फिरविण्यास जो पिळाचा जोर लागतो त्यास टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. पान्याच्या दांड्याची लांबी व त्याच्या टोकाशी लावलेले वजन यांच्या गुणाकाराने तो ठरतो. ६० किलो वजनाचा मनुष्य अर्धा मीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर नटावर ३० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २९५ न्यूटन-मीटर जोर पडतो. तोच मनुष्य एक मीटर लांबीच्या पाइपवर उभा राहिल्यास हा जोर दुप्पट होतो. काही यंत्रांवर आकडे फूट-पौंडांत दिलेले असतात. एक फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर होय.

प्रत्येक ट्रॅक्टर, जीप अथवा मालट्रकच्या मार्गदर्शक पुस्तिकेत चाकाच्या नटांचा टॉर्क दिलेला असतो. पुढील व मागील चाकांसाठी, तसेच डिस्क-हब व डिस्क-रिम या जोडांसाठी तो निरनिराळा असू शकतो. लहान मोटारींस तो सर्वसाधारणपणे ८० ते १४० न्यूटन-मीटर असतो, तर जड मालट्रकच्या २२ मिलिमीटरच्या स्टडवर तो ५५० ते ७०० पर्यंत जातो. ट्रॅक्टर व ट्रॉली यांची चाके बहुधा या दोहोंच्या मध्ये येतात. यंत्र विकत घेण्यापूर्वी पुस्तिका उघडून हा आकडा पाहणे ही निवडीची पहिली पायरी आहे.

यंत्राची रचना

या यंत्रात मोटरीबरोबर एक जड हातोडा गोल फिरत असतो. नट सैल असेपर्यंत हातोडा व त्याच्यापुढील ऐरण ही दोन्ही एकत्र फिरतात. नटाने अडथळा केला की स्प्रिंग दबून हातोडा मागे सरकतो, ऐरणीच्या दातावरून निसटतो आणि पुन्हा पुढे येऊन दातास बाजूने ठोका देतो. असे ठोके मिनिटास दोन ते तीन हजार पडतात. घट्ट बसलेल्या पान्याच्या टोकावर घण मारला असता नट सुटतो, त्यातलाच हा प्रकार आहे. जोर क्षणिक आघातांच्या रूपाने पडत असल्यामुळे हातास पीळ फारसा जाणवत नाही.

परंतु याच कारणामुळे नट नेमका किती आवळला गेला हे हातास कळत नाही. ठोके किती वेळ पडले, बॅटरी किती भरलेली होती, आटे कोरडे होते की तेलकट, यांवर तो जोर बदलत राहतो. एकाच चाकाचे सहा नट एकाच यंत्राने आवळले तरी ते सारखे आवळले जातीलच असे नाही.

किती जोराचे यंत्र घ्यावे

यंत्रावर टॉर्कचे दोन आकडे असू शकतात : एक घट्ट करण्याचा व दुसरा सोडविण्याचा. दुसरा आकडा नेहमी मोठा असतो. एका चांगल्या बनावटीच्या अर्ध्या इंची यंत्रावर हे आकडे अनुक्रमे १००० व १२५० असे आहेत. विक्रेता बहुधा मोठाच आकडा सांगतो. म्हणून तो कोणता आहे हे विचारून घ्यावे.

गंज, चिखल व उन्हातान्हाचा परिणाम होऊन नट सोडविण्यास तो आवळण्यापेक्षा पुष्कळच जास्त जोर लागतो. सबब यंत्राचा सोडविण्याचा जोर पुस्तिकेतील टॉर्कच्या निदान दुप्पट असावा. या हिशेबाने जीप अथवा लहान पिकअप गाडीस ३०० ते ४०० न्यूटन-मीटरचे यंत्र पुरते. ट्रॅक्टरसाठी अर्धा इंच चौकोनी दांड्याचे, ७०० ते १००० न्यूटन-मीटरचे यंत्र सोयीचे पडते. असे यंत्र बॅटरीसह सुमारे तीन किलो भरते. ज्या ट्रॉलीस मालट्रकसारखे जड हब व मोठे नट आहेत तिच्यासाठी पाऊण इंची दांड्याचे व १४०० न्यूटन-मीटरच्या आसपासचे यंत्र पहावे. अर्ध्या इंची यंत्रास अडॉप्टर लावून हे काम करू नये; त्यात जोर वाया जातो व अडॉप्टर तुटतो.

कार्बन ब्रश नसलेल्या मोटरीचे यंत्र किमतीने अधिक असते. परंतु त्यात झिजणारा भाग कमी असून तेवढ्याच बॅटरीवर काम अधिक होते.

बॅटरी व तिच्यावरील आकडे

आकड्यांची सर्वांत अधिक गफलत बॅटरीच्या बाबतीत होते. या यंत्रांत लिथियम-आयन घट वापरतात. एका घटाचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट असतो व पूर्ण भरल्यावर तो ४.२ होतो. पाच घट एका ओळीत जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तेच २१ भरतात. म्हणजे १८, २० व २१ व्होल्ट असे लिहिलेल्या बॅटऱ्या बहुधा एकाच जातीच्या असतात. २१ हा आकडा मोठा म्हणून जास्त पैसे देण्याचे कारण नाही.

काही स्वस्त यंत्रांवर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ अशी अक्षरे ठळक छापलेली असतात. ती व्होल्टची मापे नव्हेत. खात्री करण्याचा सोपा उपाय असा : चार्जरवर बाहेर पडणारा दाब किती लिहिला आहे तो वाचावा. तो २१ व्होल्ट असेल तर बॅटरी पाच घटांचीच आहे, मग वरच्या डब्यावर काहीही छापलेले असो.

दुसरा आकडा अँपिअर-तासांचा. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॅट-तास, तर ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास शक्ती साठते. घट नट सोडविण्यासाठी मोठी बॅटरीच योग्य, कारण ती एका वेळी अधिक विद्युत्प्रवाह देऊ शकते. हातात घेऊन वजनही पहावे. मोठ्या क्षमतेची बॅटरी हलकी नसते. यंत्राच्या किमतीत बॅटरी व चार्जर धरले आहेत की ते वेगळे घ्यावे लागतात, याचीही आधी चौकशी करावी.

गोट्या कोणत्या वापराव्यात

हाताच्या पान्याच्या चकचकीत गोट्या या यंत्रावर लावू नयेत. ठोक्यांनी त्या फुटून पोलादाचे तुकडे डोळ्यांत उडण्याचा धोका असतो. आघाती यंत्रासाठी जाड भिंतीच्या, काळ्या रंगाच्या वेगळ्या गोट्या मिळतात, त्याच घ्याव्यात. आतून सहा कोनांची गोटी नटास सर्व बाजूंनी धरते व नटाचे कोपरे मोडत नाहीत. लांब जोडदांड्यामुळे ठोक्याचा जोर कमी होतो, म्हणून तो शक्यतो टाळावा.

चाक काढण्याची व बसविण्याची रीत

१. वाहन सपाट व कठीण जमिनीवर उभे करून ब्रेक लावावा आणि इतर चाकांस पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. भरलेली ट्रॉली शक्यतो रिकामी करावी.

२. डोळ्यांवर चष्मा व कानांत बोळे घालावेत. यंत्राचा आवाज कर्णकटू असतो.

३. आट्यांवरील चिखल व गंज तारेच्या ब्रशने काढावा. नट गंजलेला असल्यास गंज सोडविणारे तेल घालून काही वेळ थांबावे.

४. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच सर्व नट अर्धा फेरा सैल करावेत. त्यानंतर जॅक लावून खाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर वाहनाखाली जाऊ नये.

५. जुन्या बनावटीच्या काही जीपगाड्यांच्या डाव्या चाकांस उलटे आटे असतात. नट सुटत नसल्यास जोर वाढविण्यापूर्वी हे तपासावे.

६. मागील टायरमध्ये पाणी भरलेले असल्यास विशेष जपावे. १३.६-२८ मापाच्या एका टायरमध्ये सुमारे दोनशे किलो पाणी मावते. असे चाक एकट्याने सांभाळण्याचा प्रयत्न करू नये.

७. चाक बसविताना प्रत्येक नट प्रथम बोटांनी तीन-चार आटे फिरवावा. नट निमुळता असल्यास निमुळती बाजू चाकाकडे ठेवावी. पुस्तिकेत सांगितले नसल्यास आट्यांस तेल अथवा ग्रीस लावू नये. तेलामुळे तेवढ्याच टॉर्कला स्टड अधिक ताणला जातो.

८. यंत्र सर्वांत कमी वेगावर ठेवून नट केवळ डिस्कला टेकेपर्यंत फिरवावा. नंतर चाक जमिनीवर टेकवून, समोरासमोरचे नट आलटून पालटून घेत, टॉर्क रेंचने दोन टप्प्यांत पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळावेत.

टॉर्क रेंच जवळ नसल्यास तात्पुरता उपाय म्हणून स्प्रिंगचा टांगता काटा वापरता येतो. नटाच्या मध्यापासून एक मीटर अंतरावर पान्याच्या दांड्यास काटा अडकवून तो काटकोनात ओढावा. काट्याने ३० किलो दाखविले की नटावर सुमारे २९५ न्यूटन-मीटर जोर पडला असे समजावे. नुसत्या अंदाजापेक्षा हे निश्चित बरे.

नवीन बसविलेल्या चाकाचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, आणि शेतात काम असल्यास काही तासांनंतर, पुन्हा तपासावेत. उसाची पहिली खेप उतरताच ही तपासणी करण्याची सवय लावून घ्यावी.

बॅटरीची निगा

बॅटरी उन्हात अथवा ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये. उन्हाळ्यात ती सावलीत थंड होऊ दिल्यावरच चार्ज करावी. हंगाम संपल्यावर ती अर्धी भरलेली ठेवून कोरड्या जागी ठेवावी व मधूनमधून पहावी. फुगलेली अथवा फुटलेली बॅटरी मुळीच वापरू नये.

यंत्र कोणी घ्यावे

ज्यांचे चाक वर्षातून एकदोनदाच काढले जाते त्यांना या यंत्राची गरज नाही. दंतचक्रांच्या साहाय्याने हाताचा जोर अनेक पटींनी वाढविणारा, हँडलने फिरवावयाचा पाना मालट्रकवाले वापरतात. तो थोड्या खर्चात मिळतो व त्यास बॅटरी लागत नाही. ऊस वाहतूकदार, भाड्याने ट्रॅक्टर चालविणारे आणि अवजारे बँक चालविणारे शेतकरी गट यांना मात्र आघाती पाना निश्चित उपयोगी आहे. घेताना तो शक्यतो आपल्याच ट्रॉलीच्या चाकावर चालवून पहावा. आणि दुरुस्ती व बॅटरी तालुक्याच्या गावी मिळते किंवा नाही याची खात्री करून घ्यावी.

जेवढे पैसे यंत्रासाठी बाजूला काढले असतील त्यांतूनच एक टॉर्क रेंचही घ्यावा. दोन्हींस पैसे पुरत नसतील तर टॉर्क रेंच आधी घ्यावा. नट सोडविण्यास पाइप व माणसे मिळतात. परंतु सैल नटाचे चाक रस्त्यावर निखळल्यानंतर कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही.