मोटारीचा श्वास

यंदा आजारांवर नको, काही वेगळे लिहा, असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा आग्रह होता. विषय शोधावा लागला नाही. गेल्या वर्षी मी माझ्या मोटारीच्या श्वसनमार्गावर एक अनावश्यक शस्त्रक्रिया करवून घेतली होती; तिचीच ही हकीकत.

माझा दवाखाना धारला आणि वृद्ध वडील देवासला, टेकडीच्या पायथ्याशी. इंदूरमार्गे शंभरेक किलोमीटरची ही वाट आठवड्यातून एकदा तरी घडतेच. पेट्रोलचा खर्च जाणवू लागला तेव्हा अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या म्हणाला, "काका, कंपनीचा कागदी फिल्टर इंजिनाचा गळा आवळतो. तेल लावलेल्या सुती जाळीचा, शंकूसारखा फिल्टर बसवू. ॲव्हरेज वाढेल आणि पिकअपही." नाक चोंदलेले तान्हे मूल धड दूध पीत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलेले. मला तर्क पटला.

चूक निदानात होती. क्रूप झालेल्या मुलाचा श्वास स्वरयंत्राच्या खाली अडतो. तेथे सूज असताना नाकपुड्या रुंद करून काय उपयोग? मार्गातील सर्वांत अरुंद जागाच प्रवाह ठरविते. पेट्रोल इंजिनात ती जागा म्हणजे थ्रॉटलची झडप, आणि नेहमीच्या वेगाने जाताना आपणच ती अर्धवट मिटलेली ठेवतो. तिच्यापुढे स्वच्छ फिल्टरचा अडथळा नगण्य ठरतो. शिवाय आत आलेल्या हवेच्या हिशेबानेच गाडीतील संगणक पेट्रोल सोडतो : वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग. हवा अधिक, तर पेट्रोलही अधिक. मग बचत कोठून व्हावी? झडप पूर्ण उघडून इंजिन भरधाव फिरविले, तर मोकळ्या फिल्टरने थोडी शक्ती वाढू शकते. पण तसा वेग आपल्या जिल्ह्यात पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला शोभतो, जेथे २०२१ साली ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग खुला झाला. घाटाबिल्लोदच्या बाजारात तो काय कामाचा?

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली उलट बाजूने परीक्षा घेतली. मोटारींचे फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिले, तरी इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे ॲव्हरेज लक्षणीय घटले नाही. वेग पकडणे तेवढे मंदावले. फिल्टर आणि ॲव्हरेज यांचे जे नाते आपल्या मनात घट्ट बसले आहे, ते कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. तेव्हा ते बऱ्याच अंशी खरेही होते.

टाकी काठोकाठ भरून मी चार महिने वहीत नोंदी ठेवल्या. फरक दिसला नाही. आवाज मात्र भारदस्त झाला, आणि त्यामुळे गाडी अधिक धावते असा भास काही दिवस मलाही झाला. कंपनीचा प्लास्टिकचा खोका हा आवाज शमविण्याचेही काम करतो, हे तो काढल्यावर कळले. धुळीची गोष्ट तर आपणा माळव्यातील लोकांना सांगावयास नको. चांगला कागदी फिल्टर नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक धूळ अडवितो. सुती जाळी अनेकदा त्याहून जास्त आत सोडते आणि ती सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजविते. जाळीला तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या तारेवर बसून संगणकाचीच फसगत करते.

मे महिन्यात गाडी जड वाटू लागली. उघडा शंकू आता बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होता. हवा ४० अंशांवरून ७० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. पुतण्याने यावरही तोड काढली : एक नळी जोडून शंकू खाली, बंपरच्या मागे, थंड हवेत नेला.

श्रावणातल्या एका रात्री मी देवासला असताना धारहून फोन आला. चार वर्षांच्या मुलाला आकडी आली होती आणि ती थांबत नव्हती. तरुण सहकाऱ्याला औषधाची मात्रा सांगून मी लगेच निघालो. बेटम्याच्या अलीकडे रस्त्यावर पाणी साचले होते. पुढच्या दोन गाड्या त्यातून सहज गेल्या. माझी मध्येच एक आचका देऊन थांबली. हवेऐवजी इंजिनाने पाणी ओढले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. हे अर्थात दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने दाखविले. त्या रात्री मी गुडघाभर पाण्यात उभा राहून फोनवर एकच विचारीत होतो : आकडी थांबली का?

ती अर्ध्या तासाने थांबली. सहकाऱ्याने सारे नीट निभावले होते. मी पहाटे एका दुधाच्या गाडीतून धारला पोहोचलो, तेव्हा मूल झोपले होते आणि आई जागी होती. "डॉक्टरसाहेब, उशीर झाला," एवढेच ती म्हणाली.

इंजिन उघडून दुरुस्त करण्यास तीन आठवडे लागले. कंपनीचा खोका माळ्यावर होता, तो परत बसविला. बिल पुतण्याला दाखविले नाही. होकार शेवटी माझाच होता.